एक तिरकी रेघ आणि विधिमंडळातली एक जागा: व्हर्जिनिया, २०१७

डेव्हिड यान्सी हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळातले रिपब्लिकन सदस्य होते. २०११ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले, मतदारसंघ क्रमांक ९४ मधून. हा मतदारसंघ न्यूपोर्ट न्यूज शहरातला. अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू युद्धनौका जिथे बांधल्या जातात ते हे शहर, आणि तिथली गोदी म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा औद्योगिक रोजगार. अशा ठिकाणचा उजव्या पक्षाचा आमदार, तीनदा निवडून आलेला, २०१७ मध्ये चौथ्यांदा उभा राहिला तेव्हा ही जागा देशभर गाजेल असं कोणाला वाटलं नव्हतं. समोर शेली सायमंड्स होत्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या आणि शहराच्या शाळा मंडळाच्या सदस्य. २०१५ मध्येही त्याच विरोधात होत्या, आणि तेव्हा यान्सींनी त्यांना आरामात हरवलं होतं.

या निवडणुकीचं जे चित्र लोकांच्या डोक्यात बसलं ते एका चिनीमातीच्या वाडग्याचं. मतं समसमान झाली, वाडग्यातून चिठ्ठी उचलली, यान्सी जिंकले. अमेरिकेसारख्या देशात आमदार चिठ्ठीवर ठरतो याचं नवल सगळ्यांना वाटलं. मला मात्र चिठ्ठी हा या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ भाग वाटतो. खरा निर्णय तिच्या पंधरा दिवस आधी, २० डिसेंबरला, एका न्यायालयात झाला, आणि तो एका मतपत्रिकेबद्दल होता. निवडणूक यंत्रणेत काम करणाऱ्या किंवा मतमोजणीला प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाने तो दिवस नीट समजून घ्यावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. व्हर्जिनियाच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये, १०० सदस्य असतात. मुदत दोन वर्षांची आणि निवडणूक विषम वर्षात. एका मतदारसंघाची लोकसंख्या तेव्हा साधारण ८० हजार होती. आपल्या विधानसभेच्या मतदारसंघापेक्षा हे बरंच लहान, मुंबई महापालिकेच्या प्रभागाशी जवळीक सांगणारं. सदस्याला वर्षाला १७,६४० डॉलर मिळतात, त्यामुळे बहुतेकांचा दुसरा कामधंदा चालू असतो. २०१७ च्या निवडणुकीआधी सभागृहात ६६ रिपब्लिकन आणि ३४ डेमोक्रॅट होते. २००० पासून बहुमत रिपब्लिकनांकडे होतं.

या बहुमतावर एक मोठा प्रश्न अडून बसला होता, मेडिकेडच्या विस्ताराचा. गरिबांसाठीची ही सरकारी आरोग्य योजना थोड्या वरच्या उत्पन्नगटापर्यंत नेण्याची मुभा ओबामांच्या आरोग्य कायद्याने राज्यांना दिली होती. गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, टेरी मॅकऑलिफ आपल्या चार वर्षांच्या कारकिर्दीत त्यासाठी झगडत राहिले आणि विधिमंडळातलं रिपब्लिकन बहुमत ते अडवत राहिलं. सुमारे ४ लाख लोकांच्या दवाखान्याचा प्रश्न होता. एका आमदारकीच्या जागेला एवढं महत्त्व का आलं हे यावरून कळेल.

७ नोव्हेंबर २०१७. ट्रम्प अध्यक्ष झाल्यानंतरची राज्यातली ही पहिली मोठी निवडणूक. मतदान सुमारे ४७ टक्के झालं. गव्हर्नरच्या निवडणुकीत वीस वर्षांत एवढं झालं नव्हतं. गव्हर्नरपदासाठी राल्फ नॉर्थम यांनी रिपब्लिकन एड गिलेस्पी यांना जवळजवळ नऊ टक्क्यांनी हरवलं आणि त्यांच्या लाटेत डेमोक्रॅटिक पक्षाचे विधिमंडळाचे उमेदवार एकामागून एक निवडून येत गेले. रिपब्लिकनांच्या १५ जागा गेल्या. यान्सी मात्र काठावर तरले. अधिकृत पडताळणीनंतर त्यांची आघाडी होती १० मतांची.

दोन वर्षांपूर्वी आरामात जिंकलेला माणूस दहा मतांवर का आला, याचं बरंचसं उत्तर मतपत्रिकेच्या वरच्या ओळीत आहे. स्थानिक उमेदवाराचं काम, ओळखपाळख, रस्ते, शाळा, हे सगळं खाली. वर गव्हर्नर, आणि त्याहून वर, कागदावर नसलेलं, ट्रम्प यांचं नाव. लोक वरून खाली एकाच पक्षाला मत देत गेले. आपल्याकडेही चांगला नगरसेवक राज्यातल्या हवेत वाहून जातो, ते आपण पाहतोच. याशिवाय लिबर्टेरियन पक्षाचा एक उमेदवार ६७५ मतं घेऊन गेला. सरकारी हस्तक्षेप नको म्हणणारा हा पक्ष. त्याच्या मतदारांतले थोडे जरी यान्सींकडे वळले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते मतदार तिसरा उमेदवार नसता तर मतदानालाच आले असते का, हे सांगता येत नाही, म्हणून या हिशेबावर मी फार भार देत नाही.

फेरमोजणी

व्हर्जिनियात फरक एक टक्क्याच्या आत असेल तर हरलेला उमेदवार फेरमोजणी मागू शकतो. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर खर्चही सरकारचा. फेरमोजणीवर देखरेख असते तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाची. मतपत्रिका पुन्हा यंत्रातून काढतात. यंत्राला ज्या वाचता येत नाहीत, म्हणजे जिथे एकही गोल भरलेला नाही किंवा एकापेक्षा जास्त भरले आहेत, त्या बाजूला पडतात आणि माणसं त्या डोळ्यांनी पाहतात. प्रत्येक टेबलावर दोन्ही पक्षांकडून आलेले अधिकारी असतात. दोघांचं एकमत झालं तर तिथेच निकाल लागतो. नाही झालं तर ती मतपत्रिका वादग्रस्त म्हणून न्यायाधीशांकडे जाते.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. निवडणुकीला दोन महिने उरले असताना, सप्टेंबर २०१७ मध्ये, राज्याच्या निवडणूक मंडळाने स्पर्शपडद्याची उरलीसुरली मतदान यंत्रं सुरक्षिततेच्या कारणावरून बाद केली होती. त्यामुळे नोव्हेंबरचं मतदान राज्यभर कागदावर झालं. कागद होता म्हणूनच मतदाराने पेनाने नेमकं काय केलं हे नंतर बघता आलं, आणि कागद होता म्हणूनच त्यावर वादही घालता आला. आपल्या मतदान यंत्रांवर एकदा बटण दाबलं की मतदाराच्या मनाची चलबिचल कुठेच उमटत नाही. कोणती व्यवस्था चांगली, यावर आपल्याकडे हमरीतुमरी चालू असते. कागदाची बाजू मांडणाऱ्यांनी ९४ क्रमांकाचं हे प्रकरण दोन्ही अंगांनी वाचावं.

१९ डिसेंबरला फेरमोजणी झाली. दिवसअखेर आकडे उलटे झाले: सायमंड्स ११,६०८, यान्सी ११,६०७. एका मताने सायमंड्स विजयी. सभागृह ५०-५० झालं आणि सतरा वर्षांचं रिपब्लिकन बहुमत संपलं, अशा बातम्या त्या संध्याकाळी देशभर गेल्या. रिपब्लिकन नेत्यांनी सायमंड्स यांचं अभिनंदनही करून टाकलं. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने निकालावर सही करायची एवढंच राहिलं होतं.

ती मतपत्रिका

२० डिसेंबरला न्यायालयापुढे एक पत्र आलं. आदल्या दिवशी टेबलावर बसलेल्या एका रिपब्लिकन अधिकाऱ्याचं. त्याचं म्हणणं असं: एक मतपत्रिका आम्ही दोघांनी मिळून बाद धरली, पण त्या वेळी माझा गोंधळ झाला होता, ते मत यान्सींना मोजायला हवं होतं. यान्सींच्या वकिलांनी ती मतपत्रिका न्यायाधीशांनी स्वतः पाहावी अशी मागणी केली.

तिचं छायाचित्र नंतर सगळीकडे छापून आलं, त्यामुळे ती कोणालाही पाहता येते. ९४ च्या रकान्यात दोन गोल भरलेले आहेत, सायमंड्स यांचाही आणि यान्सींचाही. सायमंड्स यांच्या गोलावरून एक लहानशी तिरकी रेघ ओढलेली. बाकीच्या पदांसाठी मतदाराने रिपब्लिकन उमेदवार निवडलेले. पण गव्हर्नरच्या रकान्यात गिलेस्पी यांचा गोल भरून त्यावर फुलीसारखी खूण केलेली, आणि तिथे दुसऱ्या कोणाचा गोल भरलेला नाही.

आता यातून मतदाराचं मन कसं वाचायचं? यान्सींची बाजू सरळ होती: चुकून भरलेला गोल मतदाराने रेघ मारून खोडला आणि बाकी सगळी मतं रिपब्लिकनांना दिली, म्हणजे इथेही त्याला यान्सीच हवे होते. सायमंड्स यांचे वकील म्हणाले, मग गिलेस्पींच्या गोलावरच्या खुणेचं काय? तिथेही खोडायचंच असेल तर या मतदाराने गव्हर्नरपदासाठी कोणालाच मत दिलं नाही, म्हणजे तो पक्षाचा पक्का माणूस नव्हता. आणि ती खूण ‘हाच हवा’ अशी असेल, तर सायमंड्स यांच्या गोलावरची रेघसुद्धा पसंतीची का नसावी? शिवाय त्यांचा मुख्य आक्षेप प्रक्रियेवर होता. टेबलावर दोन्ही अधिकाऱ्यांनी मिळून निर्णय दिला होता. मतपत्रिका वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवली नव्हती. मग फेरमोजणी संपल्यावर, निकाल कळल्यावर, ती पुन्हा कशी काय बाहेर निघते?

न्यायाधीशांनी दोन तासांहून जास्त विचार केला आणि ते मत यान्सींना दिलं. ११,६०८ विरुद्ध ११,६०८.

या निर्णयाकडे मी दोन वेगळे प्रश्न म्हणून पाहतो. पहिला, रेघेचा अर्थ. तिथे न्यायालयाचं वाचन मला पटतं. दोन गोल भरले आणि त्यांतल्या एकावरच रेघ आहे, तर रेघ खोडण्यासाठी आहे असं समजणं स्वाभाविक आहे. गिलेस्पींच्या गोलावरच्या खुणेने शंका येते हे खरं, पण तिथे दुसरा गोल भरलेला नसल्याने ती तुलना पुरती जुळत नाही. व्हर्जिनियाचा कायदा मतदाराचा हेतू शोधायला सांगतो, आणि हेतू शोधायचाच म्हटलं तर शक्यता यान्सींकडे झुकते. आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात दोन उमेदवारांपुढे शिक्के पडले की मत सरळ बाद व्हायचं. तो नियम रुक्ष होता, त्यात मतदारावर अन्यायही होत असेल, पण मोजणीच्या टेबलावर वाद मिटायचा.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि इथे माझा आक्षेप आहे. त्या दिवशी २३ हजारांहून अधिक मतपत्रिका पुन्हा मोजल्या गेल्या. यंत्राने बाजूला काढलेल्या इतरही मतपत्रिकांवर टेबलावर बसलेल्यांनी असेच निर्णय घेतले असणार: हे धरा, हे सोडा. ते सगळे निर्णय बंद पाकिटात राहिले. उघडलं गेलं ते एकच, आणि तेही निकाल एका मतावर आल्याचं कळल्यानंतर. एका मताने हरलेला पक्ष एका मताच्या शोधात निघाला तर त्याला ते सापडण्याची शक्यता चांगलीच असते. सायमंड्स हरल्या असत्या तर त्यांच्या वकिलांनाही असंच एखादं मत सापडलं असतं. म्हणून एकतर सगळ्या शंकास्पद मतपत्रिका न्यायाधीशांपुढे एकत्र यायला हव्या होत्या, नाहीतर एकही नको. एकाच मतपत्रिकेला दुसऱ्यांदा न्याय आणि बाकीच्यांना पहिल्यांदाचाच, ही विषमता मला खटकते. यान्सींनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. नियमात जी फट होती ती त्यांच्या वकिलांनी पाहिली आणि वापरली. उमेदवाराच्या वकिलाचं कामच ते असतं.

सायमंड्स यांनी फेरविचाराचा अर्ज केला. ३ जानेवारीला न्यायालयाने तो फेटाळला.

वाडगा

मतं समान झाली तर चिठ्ठीने निकाल लावावा, असं व्हर्जिनियाचा कायदा सांगतो. २७ डिसेंबरला ठरलेली सोडत खटल्यामुळे पुढे गेली आणि ४ जानेवारी २०१८ ला राजधानी रिचमंडमध्ये, पॅट्रिक हेन्री इमारतीत, झाली. दोन कागदांवर दोन नावं. प्रत्येक कागद जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या वेगळ्या डबीत. दोन्ही डब्या एका निळ्या-पांढऱ्या वाडग्यात. वाडगा कलाकार स्टीव्हन ग्लास यांनी घडवलेला, राज्याच्या कलासंग्रहालयाकडून मागून आणलेला. खोली पत्रकारांनी आणि कॅमेऱ्यांनी भरलेली. सायमंड्स कुटुंबासह हजर होत्या, यान्सी आले नव्हते. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी एक डबी उचलली, उघडली आणि नाव वाचलं: डेव्हिड यान्सी. दुसरी डबीही उघडून तिच्यात सायमंड्स यांचं नाव असल्याचं दाखवलं गेलं.

ईश्वरचिठ्ठीचं आपल्याला मुळीच नवल नाही. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक फेरीत कुठे ना कुठे ती निघते. लोकसभा-विधानसभेसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ मध्ये तिची तरतूद आहे. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक जादा मत मिळालं असं धरतात. व्हर्जिनियाच्या निवडणुकीच्या आधी त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली होती. चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली. महापालिकेत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ असा सामना होता, त्यामुळे ती जागाही किरकोळ नव्हती.

एक फरक मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे फेरमोजणी मागायची ती मोजणीच्या टेबलापाशी, निकाल जाहीर होण्याआधी. एकदा जाहीर झाला की विधानसभेच्या उमेदवारापुढे ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करणं एवढाच मार्ग उरतो, आणि ती निकाली निघेपर्यंत पुष्कळदा सभागृहाची मुदत संपत येते. व्हर्जिनियात मतदानापासून शेवटच्या न्यायालयीन आदेशापर्यंत सगळं दोन महिन्यांच्या आत आटोपलं. त्यांच्या प्रक्रियेत वर सांगितलेली खोट आहे, पण वेगाच्या बाबतीत आपण त्यांच्याकडून घेण्यासारखं खूप आहे.

चिठ्ठीत हरलेल्या उमेदवाराला तिथे आणखी एक फेरमोजणी मागता येते. सायमंड्स यांनी काही दिवस तो पर्याय खुला ठेवला. १० जानेवारीला अधिवेशन सुरू झालं त्या दिवशी त्यांनी हार मान्य केली. सभागृह ५१-४९ झालं आणि रिपब्लिकन कर्क कॉक्स अध्यक्ष झाले.

जागेचं पुढे काय झालं

बहुमत राहिलं, पण पंधरा जागा गेल्याचा धक्का पक्षात खोलवर बसला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सभागृहाने मेडिकेडच्या विस्तारासह अर्थसंकल्प मंजूर केला तेव्हा १९ रिपब्लिकन सदस्य डेमोक्रॅट्सबरोबर गेले. ३० मे रोजी अंतिम मतदान ६७ विरुद्ध ३१ असं झालं. रिपब्लिकनांच्या आग्रहाने कामाची अट घातली गेली, रुग्णालयांवर कर बसला, आणि १ जानेवारी २०१९ पासून लाभ सुरू झाला. ज्या प्रश्नावर ९४ ची जागा एवढी मोलाची ठरली होती तो प्रश्न ती जागा रिपब्लिकनांकडे राहूनही सुटला. मतदार पुढच्या खेपेला काय करतील याची भीती काठावरच्या बहुमतालाही हलवते.

पण बहुमत म्हणजे नुसती मतं नव्हेत. कोणता विषय सभागृहापुढे येईल हे ठरवण्याची सत्ताही त्यातच येते. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती संपूर्ण देशासाठी मंजूर व्हायला ३८ राज्यांची संमती लागते. २०१९ च्या सुरुवातीला ३७ झाली होती आणि अडतिसावं राज्य व्हर्जिनिया ठरण्याची शक्यता होती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घातलेली मुदत १९८२ मध्येच संपली असल्याने अशा संमतीला कायद्यात किती अर्थ, हा वाद वेगळा. व्हर्जिनियाच्या समितीतल्या रिपब्लिकन बहुमताने ठराव अडवला. तेव्हा नियम बदलून तो थेट सभागृहात आणण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी २०१९ मध्ये मांडला गेला. मतं पडली ५० विरुद्ध ५०. बरोबरी म्हणजे प्रस्ताव नामंजूर. प्रस्तावाच्या बाजूने मत देणारा एकच रिपब्लिकन होता, डेव्हिड यान्सी.

हे मत त्यांनी आतून पटलं म्हणून दिलं की बदललेल्या मतदारसंघाकडे पाहून, हे ठरवायचा अधिकार मला नाही. पण चिठ्ठीने आलेला माणूस पक्षाच्या रांगेतून एकटा बाहेर पडला, ही नोंद त्यांच्या नावावर आहे आणि ती राहायला हवी. त्यांच्या जागी सायमंड्स असत्या तर प्रस्तावाला तेवढीच मतं पडली असती. फरक असता तो वेगळ्या ठिकाणी: ५०-५० च्या सभागृहात समित्याच वाटून घ्याव्या लागल्या असत्या. व्हर्जिनियात १९९८ मध्ये असं सत्तावाटप झालं होतं. मग ठराव समितीत अडकला असता का, हा प्रश्न तिथून सुरू झाला असता.

जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सभागृहातल्या रिपब्लिकनांचं अपील, ते करण्याचा अधिकारच सभागृहाला नाही या कारणावरून, फेटाळलं आणि राज्यातल्या अनेक मतदारसंघांच्या नव्या सीमा कायम झाल्या. जुन्या सीमा आखताना कृष्णवर्णीय मतदारांना वंशाच्या आधारे ठरावीक मतदारसंघांत कोंबलं होतं, असा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष होता. ९४ चा नकाशाही बदलला आणि डेमोक्रॅट्सना अनुकूल झाला. ५ नोव्हेंबर २०१९ ला यान्सी आणि सायमंड्स तिसऱ्यांदा समोरासमोर आले. या वेळी फेरमोजणीची गरजच पडली नाही. सायमंड्स मोठ्या फरकाने जिंकल्या. सभागृह ५५-४५ असं डेमोक्रॅट्सकडे गेलं, आणि जानेवारी २०२० मध्ये समान हक्कांची दुरुस्ती तिथे ५९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाली.